चढाचं गणित

चाक बदलताना : भाग ४

कोथरूड डेपो मागे पडला की पौड रस्ता चढायला लागतो तो थेट चांदणी चौकापर्यंत. बावधनला राहायला आल्यापासून अकरा वर्षं मी या रस्त्याने मोटारीतून घरी येत होतो, पण इथे चढ आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. उजवा पाय जरासा जास्त दाबायचा, बस्स. मग एका दिवाळीत साधी गिअरची सायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात दोन संध्याकाळी मी हा चढ चालत चढलो. सायकल हातात, शर्ट पाठीला चिकटलेला आणि बाजूने पीएमपीच्या बसचा धूर. महिना संपायच्या आत सायकल जिन्याखाली गेली आणि मी पुन्हा मोटारीत जाऊन बसलो.

हे सविस्तर सांगतो आहे, कारण गेल्या भागात आपण आठवड्याच्या फेऱ्या मोजल्या, त्यावर आलेल्या पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न होता. कुणी वारजेहून लिहिलं, कुणी सूसहून, कुणी आंबेगावहून: आमच्याकडे चढ आहे, ई-सायकल खरंच चढते का? म्हणून हा भाग फक्त चढाचा.

आधी आकडे बघू. माणूस ७० किलोचा, सायकल बॅटरीसकट २३ किलोची, डबा आणि दप्तर २ किलोचं, म्हणजे एकूण ९५ किलो. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने हे वजन पुढे न्यायला, समोरची हवा आणि टायरचं घर्षण धरून, साधारण ९० वॉट लागतात. बैठं काम करणाऱ्या पण तब्येतीने धड असलेल्या माणसाचे पाय ७५ ते १०० वॉट बराच वेळ देऊ शकतात. म्हणजे सपाटीवर हिशेब जुळतो. पेठा, डेक्कन, कॅम्प असं जुनं पुणं सायकलवर चाललं त्यामागे हेही एक कारण आहे.

आता असा रस्ता घ्या, जो १०० मीटरमध्ये ५ मीटर वर नेतो. वेग ताशी १५ वर आणला तरी गरज जाते २४० वॉटच्या घरात. त्यातले १९५ वॉट नुसते वजन वर उचलण्यात खर्च होतात. पायांकडून मिळणार शंभर. उरलेले १४० आणायचे कुठून? माझा शर्ट पाठीला चिकटला तो या १४० वॉटच्या तुटीमुळे. आळस हे त्याचं कारण नव्हतं, आणि हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. पुणं गेल्या काही दशकांत टेकड्यांच्या अंगावर आणि त्यांच्या पलीकडे पसरलं. बावधन, सूस, वारजे, आंबेगाव, उंड्री इथून येणाऱ्या माणसाला आजोबांच्या काळातल्या सायकलचं कौतुक ऐकवून उपयोग नाही. आजोबा सदाशिव पेठेतून मंडईत जात होते.

ई-सायकलची मोटर नेमकी ही तूट भरून काढते. आपल्याकडे नियमाने चालणारी मोटर २५० वॉटच्या आतली असते. घरातला मिक्सर ५०० किंवा ७५० वॉटचा असतो, त्यामुळे हा आकडा ऐकून लोक नाक मुरडतात. पण १४० ची तूट भरायला २५० पुरून उरतात. जपानमध्ये यामाहाने १९९३ साली पायाच्या ताकदीत मोटरची ताकद मिसळणारी सायकल विकायला काढली, तेव्हाही कल्पना हीच होती.

आता मोटरला कळतं कसं की मदत हवी आहे? आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत पायडलच्या दांड्याशी एक सेन्सर असतो. पायडल फिरतंय एवढंच तो ओळखतो. तुम्ही जोर लावता आहात की नुसते पाय हलवता आहात, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पायडल थोडं फिरलं की मोटर सुरू. महागड्या सायकलींत पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो. तिथे जितका दाब तितकी साथ. चालवायला दुसरा प्रकार फार सुखाचा. पण पहिल्या प्रकारावरही चढ चढतो, फक्त एक सवय लावून घ्यावी लागते: सिग्नलला थांबायच्या आधी गिअर हलका करायचा. जड गिअरवर चढावर थांबलात, तर पायडलचा तो पहिला थोडासा फेरा तुमच्या एकट्याच्या मांड्यांवर येतो आणि मागून रिक्षा हॉर्न देत असते.

दुसरी सवय याहून महत्त्वाची. मागच्या चाकाच्या मधोमध बसवलेली हब मोटर हळू फिरायला लागली की तिला दिलेल्या विजेतला मोठा हिस्सा उष्णतेत जातो. पाय स्वस्थ ठेवून, फक्त मूठ पिळून खडा चढ चालण्याच्या वेगाने चढू नका. मोटर तापते, बॅटरी झपाट्याने उतरते, आणि मग लोक म्हणतात कंपनीने सांगितलेली रेंज खोटी. हलक्या गिअरवर भराभर पायडल मारत वेग बारा-तेराच्या वर ठेवा. माझ्या नऊ किलोमीटरच्या परतीच्या वाटेवर एवढ्या एका बदलाने बॅटरीचा एक काटा वाचला.

मग व्यायाम कुठे राहिला, असं विचारणारेही आहेत. युरोपातल्या सात शहरांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ई-सायकलवाल्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरते, कारण ते जास्त लांब जातात. मोटारीतून उतरून ई-सायकलवर आलेल्यांची हालचाल तर वाढलीच. माझ्यापुरतं सांगायचं तर साधी सायकल महिनाभरात सुटली, ही ई-सायकल चौथ्या वर्षात आहे.

पैशांचं पटकन सांगतो. जाऊन-येऊन १८ किलोमीटरला माझी मोटार शहरात दीड लिटर पेट्रोल पिते. शंभराच्या वरचा भाव धरा आणि गुणाकार करा. तेवढ्याच अंतराला सायकल पाव युनिट वीज घेते, फार तर तीन रुपयांची. मोटारीचं पेट्रोल जातं ते आठ-नऊशे किलो लोखंड हलवण्यात, ज्यात ७० किलोचे आपण एकटे बसलेले असतो.

मात्र मोटर आणि बॅटरीचं वजन असतं, आणि कधीतरी ते अंगावर येतं. पहिल्या पावसाळ्यात, चढाच्या पायथ्याशीच, माझं मागचं चाक बसलं. जवळच्या पंक्चरवाल्याने मोटरची वायर पाहिली आणि हात झटकले, "हे आपलं काम नाही साहेब." तेवीस किलोची सायकल ढकलत मी पुढच्या दुकानापर्यंत गेलो. तिथला म्हातारा चाकाला हात लावण्याआधी ते नुसतं फिरवून बघत राहिला. मग त्याने चाक काढलंच नाही. सायकल उलटी केली, एका बाजूने टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, घमेल्यातल्या पाण्यात धरली, बुडबुडे आले तिथे खूण केली, घासून, सोल्यूशन लावून ठिगळ दाबलं, ट्यूब परत आत सरकवली. मोटरची वायर जागची हलली नाही. पंधरा मिनिटं. तेव्हापासून मी दप्तरात १८ नंबरचा पाना ठेवतो, कारण ट्यूबच बदलायची वेळ आली तर हब मोटरच्या नटाला बहुधा तोच लागतो. पण साध्या पंक्चरला चाक काढायची गरज नसते, हे तुमच्या पंक्चरवाल्याला तुम्हीच सांगा.

आणखी एक गोष्ट, कळकळीने. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर पाव किलोवॉटच्या आत असेल आणि ताशी २५ ला तिची मदत थांबत असेल, तर अशी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स, नोंदणी, विमा काही लागत नाही. दुकानात कुणी "लॉक काढून देतो, चाळीसने पळेल" म्हणालं तर तिथून निघा. लॉक काढलेली सायकल कायद्याने सायकल राहत नाही, आणि तिचे ब्रेक त्या वेगाचे नसतात. चांदणी चौकातून सकाळी उतरताना मी पंचविसाच्या वर जाऊच देत नाही. ब्रेकची मूठ नुसती दाबली की मोटरची वीज तुटते, ही सोय घेण्यापूर्वी दुकानातच तपासून बघा.

चढाचा प्रश्न मोटरने सोडवला, रस्त्याचा सोडवलेला नाही. सातारा रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटीबरोबर सायकलमार्ग आखले गेले. शहरातल्या अशा अनेक मार्गांवर आज टपऱ्या आहेत, दुचाक्या उभ्या आहेत, मध्येच खांब आहे. नळ स्टॉपच्या दुमजली पुलाखाली डावीकडे वळणाऱ्या बसशेजारी उभा असतो तेव्हा माझं २५० वॉटचं बळ काही कामाचं नसतं. मोकळे, सलग सायकलमार्ग मागायला हवेत, आणि ते मागायला रस्त्यावर सायकली दिसायला हव्यात.

खरेदीआधी एक करा. दुकानदार सपाट गल्लीत चक्कर मारायला देतो. त्यावर निकाल देऊ नका. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात खडा चढ ठरवा, डबा-दप्तर पाठीला लावा आणि तिथेच सायकल चालवून बघायचा आग्रह धरा. चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबा आणि पुन्हा निघा. निघता आलं तर ती सायकल तुमच्या वाटेची आहे.

पुढच्या रविवारी बॅटरी: उन्हातून आल्यावर लगेच चार्जिंगला का लावू नये, आणि तिसऱ्या वर्षी ती किती उरते.