राखायचं काय, कोरायचं काय

लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून छापायचं चित्र, शिकताना हाताआधी डोळ्याला वळण लावावं लागतं. रेघ ओढली की ती दिसते, या भरवशावर आपण लहानपणापासून चित्रं काढत आलेलो असतो. इथे कोरलेली रेघ पांढरी राहते आणि जिथे हत्यार लागलंच नाही, तेवढंच कागदावर उमटतं. डिचोलीतल्या आमच्या वर्गात सरांनी हे तोंडी समजावण्यात वेळ घालवला नाही. आम्हाला पेडण्यात मोरजीला नेलं, मोरजाईच्या देवळातली कावी दाखवायला.

शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा, त्यावर हुरमुंजीचा तांबडा थर आणि तो ओला आहे तोवर लोखंडी टोकाने खरवडून काढलेली नक्षी, अशी ही कावी. खरवडलं तिथे चुना उघडा पडतो, राखलं तेवढं तांबडं राहतं. मग नदीतल्या गुळगुळीत गोट्यांनी घासून भिंतीला झिलई आणायची. लिनोचा हिशेब नेमका हाच. फक्त कावीवाल्याला गिलावा सुकायच्या आत हात उरकावा लागतो. लिनो आपल्यासाठी थांबतो.

लिनोलियम मूळचं जमिनीवर अंथरायचं. घट्ट केलेलं जवसाचं तेल, बुचाची भुकटी आणि पाठीला तागाचं कापड. ते ताठ असलं की कापताना कडा तुटतात, म्हणून तुकडे आधी उन्हात ठेवायचे. सुरुवातीला दोन हत्यारं पुरतात: बारीक रेघेला व्ही, मोकळी जागा साफ करायला यू. हत्यार जवळजवळ आडवं धरायचं. उभं धरलं की थेट तागात रुततं. वळण आलं की हात तसाच ठेवून लिनो फिरवायचा. आणि लिनो धरणारा हात कायम हत्याराच्या मागे. हे सर रोज सांगत आणि ते रोजच सांगायला हवं.

खरी कसोटी अक्षरांची. ठसा उलटा उमटतो, म्हणून अक्षर उलटं कोरायचं. भारतातलं पहिलं छापयंत्र १५५६ साली गोव्यात उतरलं, पण फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठीतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं ते रोमन लिपीत. १६०८च्या एका पत्रात त्यांनी अडचण लिहून ठेवली आहे: रोमनला चोवीस साचे पुरतात, इथल्या लिपीला सहाशे लागतील. ‘श्री’ची वेलांटी उलटी कोरू लागले, तेव्हा त्या सहाशेंमागचे कष्ट मला उमगले.

शाई काचेवर घ्यायची आणि रोलर फिरवत ऐकायची. थर जाड असला तर चिकट, ओढल्यासारखा आवाज येतो. नेमका बसला की रेशमी कापडासारखी सळसळ. एकदा सरांनी लोहखनिजाच्या या तालुक्यातलीच तांबडी माती वस्त्रगाळ केली आणि आटवलेल्या जवसाच्या तेलात काचेवर घोटली. कितीतरी वेळ ती कचकचत होती. कचकच थांबली तेव्हाच रोलर हातात मिळाला. कागद अलगद टेकवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत गेले, एक कोपरा उचलून पाहिला, जिथे रंग फिका होता तिथे कागद परत टेकवून पुन्हा घासलं. उमटलेला तांबडा मोरजीच्या भिंतीच्या फार जवळचा होता. पावसाळ्यात मात्र ही तेली शाई दिवसचे दिवस वाळत नाही.

छापचित्राच्या दुसऱ्या प्रकाराला, एचिंगला, जस्ताचा किंवा तांब्याचा पत्रा, आम्ल, हवेशीर खोली आणि जड यंत्र लागतं. त्यासाठी पणजीला आल्तिनोवरच्या, १९७२ साली सुरू झालेल्या कला महाविद्यालयासारखी जागाच हवी. लिनोला टेबल आणि चमचा पुरतो. म्हणून माझा आग्रह आहे, पेडणे आणि डिचोलीच्या प्रत्येक हायस्कुलात दोन रोलर आणि हत्यारांचे चार संच असावेत, आणि पहिला तास कावीच्या भिंतीसमोर व्हावा. उन्हापावसाने आणि ऑइलपेंटच्या डब्यांनी या भिंती कमी होत चालल्या आहेत. मुलांनी त्या आत्ताच पाहायला हव्यात.