हंसगडाची दोन तिकिटं

एक कबुली आधीच देऊन टाकतो. नॉयश्वानस्टाइनला मी जाऊन आलोय, पुरावा म्हणून मोबाइलमध्ये ६४ फोटो आहेत, आणि तरीही तो किल्ला मी आतून पाहिलेला नाही!

तोच हो, कॅलेंडरवरचा. पांढऱ्या भिंती, निळसर छपरं, सुईसारखे मनोरे आणि मागे आल्प्स. १९५५ साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये जो परीमहाल उभा राहिला, तो याच्यावरूनच सुचला होता. वर्षाकाठी दहा लाखांहून जास्त लोक आत जाऊन येतात. आम्ही तिकीट काढूनही बाहेर राहिलेले दोघं, मी आणि माझे बाबा.

ऑनसाइट म्हणून मी म्युनिकला आलो त्याला आता दोन वर्षं होतील. सप्टेंबर २०२५मध्ये आई-बाबा तीन आठवड्यांसाठी आले. पोरगा परदेशात असला, की आई-बाबांच्या व्हिजिटचं काय होतं ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सोमवार ते शुक्रवार आपण ऑफिसात आणि ते दोघं खिडकीत. मग वीकेण्डला आपल्या अपराधी मनाची भरपाई म्हणून त्यांना धावतपळत सगळं 'दाखवायचं'. मी तर एक्सेल शीट केली होती. शनिवार, नॉयश्वानस्टाइन: ट्रेन, बस, चढ, टूर, पूल, कॉफी, परत. प्रत्येक गोष्टीपुढे मिनिटं.

पाच वर्षांच्या लेकीला राजकन्येचा महाल हवा होता. बाबांना किल्ला. बाबा म्हणजे चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, आणि रविवार उजाडला की पाठीला सॅक लावून गडावर. त्यात जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत आपल्या मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, बारा किल्ले एकदम, राजगडासकट. आणि गंमत म्हणजे त्याच बैठकीत बव्हेरियाच्या राजा लुडविग दुसरा याचे चार महालही त्या यादीत गेले. त्यातलाच हा एक. "म्हणजे राजगडाचा बॅचमेट!" बाबा म्हणाले. "मग बघायलाच हवा." नावही त्यांनी लगेच सोपं केलं. नॉय म्हणजे नवा, श्वान म्हणजे हंस, स्टाइन म्हणजे दगड. झाला हंसगड.

म्युनिकहून फ्यूसेनपर्यंत ट्रेनने दोन तास. (जाणार असाल तर बायर्न-तिकीट घ्या, पाच जणांपर्यंत एकच तिकीट चालतं. शनिवार-रविवारी सकाळी लवकरही निघता येतं, एरवी नऊच्या आधी चालत नाही.) आईने पहाटे उठून केलेले धपाटे फॉइलमधून बाहेर आले आणि डब्यात लसणीच्या चटणीचा वास पसरला. समोरच्या जर्मन आजीबाईंनी एक तुकडा मागून घेतला, हे आईला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं यश वाटलं. फ्यूसेनहून बसने होहेनश्वानगाऊ. तिथून मान वर केली, की गड दिसतो. लेक किंचाळलीच.

आता नियम ऐका. तिकिटावर वेळ असते. ती हुकली की हुकली, मग कितीही गयावया करा. आमची वेळ होती १२.२५. गावातून वर जायला दीड किलोमीटरचा चढ, पाऊण तास धरा. बस आहे, पण ती मारियनब्रूक पुलाजवळ सोडते आणि तिथून पुन्हा उतार चालत यायचा. घोडागाडी आहे, तीही दारापर्यंत जात नाही. दोन्हीकडे भलीमोठी रांग होती. मी तरी तोंडदेखलं विचारलं, "बाबा, घोडागाडी?"

"गडावर? घोडागाडीनं?" ते असे हसले, की विषय तिथेच संपला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एक्सेलमध्ये घोडागाडीची रांग नव्हतीच.

रस्ता चांगला डांबरी. दोन्ही बाजूंना उंच झाडी, मध्येच घोड्यांच्या लिदीचा वास. लेक आणि बायको पुढे, आई मध्ये. बाबा मागे पडायला लागले. आधी ते दरी बघायला थांबले. मग फोटो काढायला. मग बुटाची नाडी बांधायला वाकले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घड्याळात बारा वाजून गेले होते, आम्ही जेमतेम निम्मा चढ चढलो होतो आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, जरा पाय उचला ना! एवढ्या लांब येऊन तिकिटं वाया घालवायची का?"

मीटिंगमध्ये ज्युनिअरला सुनावतो ना, अगदी तोच आवाज. माझा मलाच ऐकू आला. बाबा काही बोलले नाहीत. बोलली आई.

"त्यांच्या गुडघ्याचं ऑगस्टमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. रद्द करून आलेत. ऑपरेशन केलं असतं तर विमानात बसता आलं नसतं, आणि तुझी रजा, नातीची सुट्टी, पुन्हा सगळं कधी जमणार म्हणाले. तुला सांगायचं नव्हतं."

तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या बुटांना नाडीच नव्हती. वेल्क्रोचे बूट होते.

पुढची दोन मिनिटं कसलीशी वादावादी झाली. आई थांबते म्हणाली, बायको म्हणाली मी थांबते. शेवटी बाबांनीच टूलरूममधल्या सुरात ड्यूटी लावली. "तुम्ही तिघी जा. सगळं नीट बघा आणि येऊन मला सांगा." त्या निघाल्या. मी कडेच्या बाकावर बाबांच्या शेजारी बसलो.

मी नऊ वर्षांचा असताना बाबांनी मला राजगडला नेलं होतं. गुंजवण्याकडून, चोरदरवाजाच्या वाटेने. बरोबर त्यांच्या कारखान्यातली मंडळी. वरच्या कातळात रेलिंग धरून मी जो रडायला बसलो, तो हलेचना. बाबांनी सगळ्यांना पुढे पाठवलं, मला काकडी सोलून दिली आणि अर्धा तास काहीही न बोलता माझ्याजवळ बसून राहिले. पद्मावती माचीवर आम्ही सगळ्यांच्या मागाहून पोचलो, तेव्हा मित्रांनी विचारलं, काय रे, उशीर? बाबा म्हणाले, "मला दम लागला होता."

ते आठवत होतं, पण बोललो काहीच नाही. मी फक्त म्हणालो, "सावकाश जाऊ." आणि आम्ही सावकाश गेलो. खालच्या चौकात पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. पाटीवर आमच्या मागचे नंबर पुकारले जात होते.

चौकात यायला तिकीट लागत नाही. आम्ही बसलो आणि बाबांनी किल्ल्याची तपासणी सुरू केली. दरवाजाची इमारत लाल विटांची आहे, ती आधी पाहिली. मग मुख्य वाड्याच्या पांढऱ्या दगडाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "हा नुसता मुलामा आहे. आत वीट असणार." मी मोबाइलवर शोधलं. खरंच वीट! १८७९ आणि १८८० या दोनच वर्षांत इथे चार लाख विटा लागल्या होत्या. साल्झबर्गचा ४६५ टन संगमरवर वेगळा. सामान वर चढवायला वाफेवर चालणारी क्रेन होती. बाबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "म्हणजे हा जुना नाहीच! आपल्याकडे तेव्हा रेल्वे आली होती."

खरंच. पायाचा दगड बसला ५ सप्टेंबर १८६९ला. मध्ययुगीन वगैरे काही नाही, सगळा देखावा. चित्रं आधी काढली ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांक याने, मग वास्तुविशारदांनी त्यावर इमारत बेतली. लुडविग १८६४मध्ये अठराव्या वर्षी गादीवर आला. दोनच वर्षांत प्रशियाकडून युद्ध हरला आणि १८७१मध्ये त्याचं राज्य जर्मन साम्राज्यात गेलं. नावापुरता राजा उरला. मग त्याने स्वतःपुरतं एक राज्य बांधायला काढलं, ज्यात वाग्नरचे ऑपेरे होते, हंस होते आणि दुसरं माणूस शक्यतो नव्हतं. खर्च सरकारी तिजोरीतून नाही, स्वतःच्या पैशातून आणि मुख्यतः कर्जातून. पाहता पाहता ते कर्ज १ कोटी ४० लाख मार्कांवर गेलं.

"हप्ते कोण भरणार होतं?" बाबांचा प्रश्न. माझ्या इंजिनीअरिंगसाठी घर गहाण ठेवलेला माणूस असंच विचारणार.

कोणीच नाही! जून १८८६मध्ये राजाला वेडा ठरवून याच किल्ल्यातून नेण्यात आलं आणि दुसऱ्याच दिवशी, १३ जूनला, तो स्टार्नबर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला. बरोबरचा डॉक्टरही. वय ४०. काय घडलं ते आजही कुणाला नक्की माहीत नाही. या महालात तो एकूण १७२ दिवस राहिला. आणि ज्याला लोक नको होते, त्याच्या घरात त्याच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांत तिकीट लावून लोकांना सोडायला सुरुवात झाली.

बाबा बराच वेळ मनोऱ्यांकडे बघत राहिले. "आपले गड लढले म्हणून मोडले. १८१८नंतर इंग्रजांनी त्यांच्या वाटा फोडल्या, कारण त्यांची भीती वाटायची. याची कुणाला भीती वाटणार? म्हणून हा असा नवाकोरा." मग जरा थांबून, "बिचारा पण."

एवढ्यात तिघी आल्या. आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे सगळं तोंडीच. आणि एकच किल्ला तिघींनी तीन पाहिले होते! लेकीला कळलेली गोष्ट अशी, की सिंहासनाच्या खोलीत सिंहासनच नाही. "राजा बसायचा कुठे?" बरोबर आहे, ते बनायच्या आधीच राजा गेला. हात धुवायच्या नळाला हंस आहे, आणि दिवाणखान्याच्या शेजारी घरातच एक गुहा आहे, खोट्या दगडांची. बायको राजाच्या पलंगावरच्या लाकडी कोरीवकामावर अडकली होती. चौदा कारागिरांना शयनगृहाचं कोरीवकाम करायला साडेचार वर्षं लागली म्हणे. ("आपल्या मॉड्युलर किचनवाल्याला सांग," ती म्हणाली.)

आई मात्र स्वयंपाकघर बघून आली होती, अगदी सासुरवाशिणीच्या बारकाईने. "गरम पाणी नळाला! तेव्हा! आणि तीन मजले वर राजाच्या जेवणाच्या खोलीत ताट चढवायला लिफ्ट. आणि ऐका, मांस भाजायची सळई आपोआप फिरायची. धुराड्यात एक पंखा बसवलाय. खाली जाळ मोठा केला, की गरम हवा जोरात वर, पंखा जोरात, सळई जोरात. जाळ कमी, की सळई हळू. करपायलाच नको!"

बाबा एकदम उभेच राहिले. "धुराड्यात टर्बाइन? गिअर कसे होते? बेव्हल होते का?"

"ते मला काय माहीत!"

अख्ख्या हंसगडात बाबांसाठी म्हणून जी एक वस्तू होती, ती नेमकी आमच्या हुकलेल्या तिकिटात होती. त्यांचा चेहरा मला बघवेना. तितक्यात लेकीने विचारलं, "तुम्ही दोघं का नाही आलात?"

"मला दम लागला होता," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि धपाट्याची पिशवी मागितली.

उतरताना लेकीने घोड्याचा हट्ट धरला, त्यामुळे बाबांना घोडागाडीत बसावंच लागलं. 'नातीसाठी.' पूल राहिला, कॉफी राहिली. जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: तिकीट आधी ऑनलाइन काढा, अठराच्या आतल्यांना प्रवेश फुकट आहे, पण वेळ निवडताना सोबतच्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाचं घड्याळ धरा. आत चढउतार मिळून जवळजवळ साडेतीनशे पायऱ्या आहेत, हेही आधी वाचा. मी नंतर वाचलं.

डिसेंबरात बाबांचं ऑपरेशन झालं. मी दोन आठवडे पुण्यात होतो, या वेळी एक्सेल न करता. आता फिजिओथेरपी चालू आहे. रोज व्हिडिओ कॉल होतो आणि त्याची सुरुवात अजूनही त्या दोन फुकट गेलेल्या तिकिटांनी होते. परवा सोसायटीच्या जिन्यातूनच फोन लावला त्यांनी, धापा टाकत.

"चाळीस झाल्या. तुझ्या हंसगडावर चढायच्या किती?"

"१६५."

"बरं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.