वॉटच्या आकड्याची भूल

1982 साली होंडाने गोल्ड विंगचं ॲस्पेनकेड मॉडेल आणलं, त्या सुमारास अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींवर रेडिओ-कॅसेट रुळू लागला. पुढे कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली. 2018 च्या गोल्ड विंगमध्ये तर ॲपल कारप्ले कंपनीतूनच मिळू लागलं. जुन्या गाडीचे मालक मात्र इतकी वर्षं एकच चूक करत आले: खोक्यावरचा वॉटचा आकडा पाहून संच घ्यायचा. जुन्या गाडीत आवाज किती मिळेल, हे त्या आकड्यावर फारसं नसतंच. ते गाडीच्या विजेवर आणि स्पीकरवर असतं.

हिशेब सोपा आहे. इंजिन चालू असताना संचाला साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. वेगळा ॲम्प्लिफायर नसलेला संच तेवढ्यावर 4 ओहमच्या स्पीकरला जेमतेम 26 वॉट देऊ शकतो, तेही कागदावर. खोक्यावरचे 50 वॉट क्षणभराचे. बरं, 26 चे खरोखर 52 केले तरी वाढ फक्त 3 डेसिबलची, आणि ताशी 100 किलोमीटरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाराच 90 डेसिबलच्या पुढे असतो. तेच 3 डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर घेतला तर एक ॲम्पियरही जादा न ओढता मिळतात. जादा ॲम्पियर कुठून येणार, हाही प्रश्नच. 1984 च्या गोल्ड विंगच्या, म्हणजे जीएल 1200 च्या, साध्या मॉडेलांत वीज साधारण 360 वॉट तयार होते. दिवे, इग्निशन यांचं भागून उरेल ते आपलं. त्यातून अल्टरनेटरचा स्टेटर जळालाच, तर तो बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं! 1988 च्या जीएल 1500 मध्ये अल्टरनेटर बाहेर आला, 2001 च्या जीएल 1800 मध्ये क्षमता 1100 वॉटवर गेली. मोठा ॲम्प्लिफायर लावायची मुभा खरी तिथपासूनची.

हेल्मेटमध्ये ब्लूटूथ असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. एकट्याने जाणाऱ्याला ते पुरतं, आणि सिग्नलला शेजारच्यांचे कानही वाचतात. पण हेल्मेटमधला संच वरचेवर चार्ज करावा लागतो. गाडीतल्या संचाला ती कटकट नाही. नव्या डी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये उष्णतेत वाया जाणारी वीजही खूपच कमी, म्हणून जुन्या गाडीला नवा संच पूर्वीपेक्षा आज जास्त मानवतो. बिघडतं ते वायरिंगमध्ये. पिवळी वायर कायम बॅटरीवर, लाल इग्निशनवर. दोन्ही बॅटरीवर जोडल्या तर आठवड्याभरात बॅटरी बसू शकते. दोन्ही इग्निशनवर जोडल्या तर घड्याळ आणि स्टेशनं दर वेळी पुसली जातात.

नवा संच लावला की गाडीचा मूळपणा जातो, हा आक्षेप वजनदार आहे. हँडलवरची मूळ बटणंही बहुधा निकामी होतात. म्हणून मूळ कनेक्टर कापू नका, मधे ॲडॉप्टर घाला आणि काढलेला संच जपून ठेवा.