ट्रॅक्टर का अडला?

पेरणीचे दिवस आहेत, जमिनीला वापसा आला आहे आणि जुना ट्रॅक्टर शेतातच बंद पडला आहे. टाकीतले डिझेल संपले होते. नवे डिझेल ओतले, तरी इंजिन सुरू होत नाही. असे का होते?

टाकीतले डिझेल नळीतून फिल्टरमध्ये, तेथून पंपात आणि शेवटी नोझलमध्ये जाते. पंप ते मोठ्या दाबाने पुढे ढकलतो. टाकी रिकामी झाली की नळीत हवा शिरते. पंपाचा सारा जोर ही हवा दाबण्यातच जातो. त्यामुळे नोझलमधून फवारा उडत नाही. शेतकरी म्हणतात, "ट्रॅक्टरने एअर घेतली."

अशा वेळी सारखा स्टार्टर मारू नये; बॅटरी उतरते. आधी टाकी भरावी. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू पान्याने थोडा सैल करावा आणि हातपंप चालवावा. प्रथम फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून अखंड धार लागली, की लगेच स्क्रू आवळावा. मग मोठ्या पंपातील हवाही अशीच काढावी.

हे काम जाणत्या माणसाबरोबरच करा. विडी, काडी दूर ठेवा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. तो कातडीत शिरतो.

रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीतल्या हवेतील वाफेचे रात्री पाणी होते व गंज चढतो. मेकॅनिकची वाट पाहण्यात वापसा निघून जातो. कारण समजले, तर पेरणी वेळेवर होते.