चार दिवस महाबळेश्वरचे : शेतकरी कुटुंबाने सहल कशी आखावी?



शेतकऱ्याला रविवार नसतो. नोकरदाराची रजा कागदावर मांडलेली असते. आपली रजा कधी पावसावर, कधी कॅनॉलच्या पाळीवर, तर कधी गाभण म्हशीवर अवलंबून. म्हणून 'यंदा नको, पुढल्या साली बघू' असे म्हणता म्हणता सालामागून साल निघून जाते. लग्नाला जाणे, मयताला जाणे, वारीला जाणे आणि दवाखान्यात जाणे, एवढाच आपला प्रवास. नुसत्या विसाव्यासाठी घराबाहेर पडणे आपल्याला अजूनही चैनीचे वाटते.

आमच्या घरी हेच झाले. आमचे गाव कृष्णाकाठचे. दर पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले की आमची आई तिची ओटी भरायची. 'ही जिथं उगवती ते ठिकाण एकदा बघायचं हाय,' असे ती म्हणायची आणि आम्ही 'नेऊ की' म्हणायचो. नेले तेव्हा तिचे गुडघे गेलेले होते. शिवाय आम्ही निघालो मे महिन्यात, तोही शनिवारी. फोनवर एक भाडे सांगितलेल्या लॉजवाल्याने दारात दुप्पट मागितले. मंदिरापुढे ही मोठी रांग! आई बाहेरच्या पायरीवर बसली आणि आम्ही तांब्यात पाणी आणून तिच्या हातावर घातले. 'एवढीशी होय रं माझी कृष्णा,' एवढेच ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, 'म्हशीला पाणी दाखवलं असंल का रं कुणी?'

ती सहल आम्ही आखलीच नव्हती. पीक जसे आपण हंगाम पाहून, बी-भांडवलाची तजवीज करून घेतो, तशीच सहलही घ्यावी लागते, हे त्या दिवशी कळले. पुढच्या खेपेस आम्ही तसे केले आणि चार दिवस सुखाचे गेले. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

उन्हाळा की हिवाळा?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो, हे ध्यानात घ्या म्हणजे फरक कळेल. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर तिथे दाट धुके आणि सततची झड असते. म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन त्या दिवसांत जाऊ नये.

राहिले उन्हाळा आणि हिवाळा. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, म्हणून सगळे जग तिकडे लोटते. खोल्यांचे भाडे चढते, रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि स्ट्रॉबेरीचा बहरही सरलेला असतो. मुलांच्या शाळेमुळे उन्हाळ्यातच जायचे असेल, तर परीक्षा संपताच एप्रिलअखेर जावे आणि सोमवार ते गुरुवार एवढेच दिवस धरावेत.

पण खरा हंगाम हिवाळ्याचा. डिसेंबर ते फेब्रुवारीत हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि दऱ्या दूरवर दिसतात. कडाक्याच्या थंडीत पहाटे वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठलेले दिसते. दिवाळीचा आठवडा, नाताळ ते नवे वर्ष आणि शनिवार-रविवार तेवढे टाळा. मुलांची तीन दिवस शाळा बुडेल, पण गुरुजींना आधी सांगून अभ्यास भरून काढता येतो.

आता आपले पीक पाहा. गहू-हरभरावाल्यांनी गव्हाला पहिले पाणी देऊन निघावे. दुसऱ्या पाण्याला अजून पंधरा-वीस दिवस असतात. ज्वारीवाल्यांनी कणीस हुरड्यात येऊन राखण सुरू होण्याआधी जावे. ऊसवाल्यांनी टोळीचा अंदाज घ्यावा आणि तोड होऊन खोडव्याची कामे उरकल्यावर निघावे. द्राक्षवाल्यांचा हिवाळा बागेतच जातो. पण माल उतरल्यावर आणि खरड छाटणीपूर्वी आपण वेलींना विश्रांती देतोच ना? तीच विश्रांती मालकाने आणि मालकिणीनेही घ्यावी. तेव्हा मार्च असतो आणि स्ट्रॉबेरी अजून मिळत असते.

गुरांचे काय?

निम्म्या सहली गोठ्यात अडतात. त्याला तोड एकच, सावड. पेरणी-मळणीला आपण एकमेकांना पैरा करतो, तसाच सुट्टीचाही पैरा करावा. चार दिवस शेजाऱ्याने आपली धार काढावी, पुढे तो जाईल तेव्हा आपण त्याची काढावी. त्यात उपकार कुणाचाच नाही.

मात्र जनावराला अनोळखी हात चालत नाही, ते पान्हा चोरते. म्हणून निघण्याआधी आठ दिवस शेजाऱ्याला रोज एक वेळ तरी धारेला बसवा. वैरण, पेंड किती आणि केव्हा घालायची ते त्याला दाखवून ठेवा. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा. गाय-म्हैस वेताला आलेली असेल, तर मात्र तारीख पुढे ढकला. विजेची आणि कॅनॉलची पाळी कुठल्या दिवशी येते, तेही पाहून घ्या.

पैशाची तरतूद

सहलीसाठी कर्ज काढू नये आणि सोसायटीचे पीककर्ज तर यात मुळीच वळवू नये. त्याहून सोपी वाट आहे. डेअरीचे दर दहा दिवसांनी बिल येते. त्यातून रोजच्या एका लिटरचे पैसे बाजूला काढा आणि वेगळ्या डब्यात टाका. दसऱ्यापासून सुरुवात केली तर जानेवारीपर्यंत बरीच भर पडते. डबा घरच्या लक्ष्मीच्या ताब्यात असावा.

खर्चाचे चार रकाने आखा : प्रवास, मुक्काम, जेवण आणि तिथले फिरणे. त्यात दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी धरा. एसटीने गेलात तर स्वस्त पडते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पासही असतो. कुटुंबाला कोणते परवडेल ते जवळच्या आगारात विचारून हिशेब करा.

खोली ठरवताना चार गोष्टी आधीच विचारून घ्या : भाडे एका खोलीचे की माणशी, गरम पाणी किती वेळ, पांघरुणे मिळतात का, आणि खोली किती वाजता सोडायची. ठरलेला आकडा फोनवर लेखी मागवून घ्या, म्हणजे आमच्यासारखे फसणार नाही. बाजारपेठेत राहिलात तर पायी फिरता येते. आजूबाजूच्या गावांत शेतकऱ्यांच्या घरीही राहायची सोय होते. तिथे शांतता असते आणि बोलायला आपल्यासारखीच माणसे भेटतात.

रोज दोनच ठिकाणे

महाबळेश्वरात पॉइंट पुष्कळ. सगळे पाहायचे म्हटले तर पाहणे होत नाही, नुसती धावपळ होते. रोज दोनच ठिकाणे धरा.

पहिल्या दिवशी वाईला उतरा. कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती पाहा, बरोबरच्या दशम्या तिथेच सोडा. मग पसरणीचा घाट चढून पाचगणी. तिथले टेबललँड म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. संध्याकाळी तिथली हवा घेऊन महाबळेश्वरला मुक्कामाला जा.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून क्षेत्र महाबळेश्वरला जा. बाजारपेठेपासून ते सहाएक किलोमीटर आहे. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात, आणि त्यांचे पाणी एका गोमुखातून पडते. क्षणभर तिथे थांबून विचार करा. सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेकडे वळते, वाटेत वेण्णेला माहुलीला आणि कोयनेला कऱ्हाडला पोटात घेते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. धोमच्या धरणात अडते ते हेच पाणी. कृष्णाकाठी ज्यांचे शेत आहे त्यांनी मुलांना हे गोमुख दाखवून सांगावे, 'आपल्या उसाला येतं ते पाणी इथनं निघतं.' जवळच कृष्णाबाईचे जुने दगडी देऊळ आहे. तिकडे गर्दी कमी असते, म्हातारी माणसे निवांत बसू शकतात. तिथून पुढे आर्थर सीटवर जाऊन सावित्रीची खोल दरी पाहता येते.

तिसरा दिवस शेताचा. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात जा, पण नुसते फोटो काढून येऊ नका. वाफे किती उंच आहेत, ठिबक कसे टाकले आहे, फळ मातीला टेकू नये म्हणून खाली काय अंथरले आहे, हे बघा. पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण होते आणि हिवाळाभर तोडे चालतात. २०१० साली या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. रोपाचा खर्च, मजुरी आणि बाजाराची चढउतार मालकाला विचारा. शेतकरी शेतकऱ्याला खरे सांगतो. फक्त भाव ऐकून घरी येताच लागण करू नका. त्या पिकाला तिथली थंडी लाभते, आपल्या रानाचे हवामान वेगळे. घेण्यासारखी आहे ती त्यांची प्रतवारी, पॅकिंग आणि गिऱ्हाइकाला थेट माल विकण्याची रीत. जवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मधमाशी आपल्या सूर्यफुलालाही हवीच असते, तेव्हा पेट्या कशा ठेवतात ते पाहून घ्यावे. दुपारनंतर वेण्णा तलावावर मुलांना नाव दाखवा. हा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधला. सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट गाठा.

चौथ्या दिवशी, पाय चांगले असतील तर प्रतापगड. महाबळेश्वरपासून तो वीस-बावीस किलोमीटरवर आहे. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग मुलांना पुस्तकात पाठ असतो. जावळीचे ते रान डोळ्यांनी पाहिले की तो अंगावर येतो. गडाला पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी त्याऐवजी भिलारला जावे. २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. घरोघरी पुस्तके मांडलेली असतात. बसा, वाचा, चहा घ्या.

घाट आणि थंडी

घाटात मुलांना मळमळते. निघताना पोटभर जेवू घालू नका, लिंबू किंवा आल्याचा तुकडा जवळ ठेवा आणि त्यांना पुढच्या बाजूला बसवा. स्वतःची जीप असेल तर उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नका; खालच्या गिअरमध्येच उतरवा, नाहीतर ब्रेक तापतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे भरून तर घाट चढूच नये. दम्याच्या माणसाने औषध खिशात ठेवावे आणि पहाटेची थंडी टाळावी. कठड्याबाहेर जाऊन फोटो काढू नयेत. माकडांना खायला घालू नये, ती पिशवीसकट नेतात.

२००१ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. तिथे झाडी आहे म्हणून झरे आहेत आणि झरे आहेत म्हणून आपल्या विहिरी आणि कॅनॉल. दरीत टाकलेली बाटली ओढ्याने नदीत आणि नदीने आपल्याच दारात येते. कचरा पिशवीत भरून परत आणा.

स्टोव्ह घरी ठेवा

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे सहलीला निघताना स्टोव्ह, तांदूळ, पीठ, मसाल्याचा डबा सगळे बांधून घेतात. मग पुरुष माणसे सूर्यास्त पाहतात आणि बायका खोलीच्या कोपऱ्यात कांदा चिरतात. घरची चूल सुटली आणि परक्या गावची मागे लागली, याला सहल म्हणत नाहीत. पहिल्या दिवसाच्या दशम्या-चटणी बरोबर असावी, मुलांसाठी लाडू असावेत. बाकी तीन दिवस बाहेर साधे जेवा. त्यासाठी एक पॉइंट कमी पाहावा लागला तरी चालेल. वर्षाचे ३६५ दिवस पहाटे चारला उठणाऱ्या बाईला तीन दिवस कुणीतरी ताट वाढून द्यावे, हीच थंड हवा.

तेव्हा आजच भिंतीवरचे कॅलेंडर काढा. घरातल्या सगळ्यांनी बसून पिकाचे, पाळीचे आणि शाळेचे दिवस त्यावर मांडा आणि मधल्या चार दिवसांभोवती गोल करा. डबा कपाटात ठेवा. शेजाऱ्याशी धारेचे बोलून ठेवा. आणि घरात कुणी म्हातारे माणूस 'एकदा बघायचं हाय' म्हणत असेल, तर त्याचे गुडघे थकायच्या आत त्याला घेऊन जा. पीक पुढल्या सालीही येते, माणसाचे तसे नसते.