उन्हाचा चटका, गुणांना फटका

पहिले १००० दिवस: गर्भारपणाचे सुमारे २७०, जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३०. मेंदूची वाढ याच काळात सर्वाधिक झपाट्याने होते.

उष्णतेची लाट: मैदानी भागात किमान ४०, किनाऱ्यावर ३७ अंश सेल्सिअस, शिवाय पारा सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश वर.

भारत: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वर्षात सरासरी तापमान २९ अंशांवर असलेले दहा दिवस वाढले, की पुढच्या वर्षी मुलांचे गणित आणि वाचनाचे गुण घसरतात. वर्गातल्या उकाड्यापेक्षा मोठं कारण शेतात: पीक हातचं जातं, उत्पन्न घटतं, ताटातलं अन्नही.

अमेरिका: गर्भात किंवा पहिल्या वर्षात सोसलेल्या, सरासरी तापमान ३२ अंशांवर असलेल्या प्रत्येक जादा दिवसामागे तिशीतली कमाई सुमारे ०.१ टक्का कमी (२०१७ चा अभ्यास). एसी असलेल्या घरांत हा फरक जवळपास नाहीसा.

महाराष्ट्र: शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात मात्र उन्हामुळे आठवडाभर तरी उशिरा.