डोरेमॉन आला कुठून?

दिवेलागणीला गुरांना वैरण टाकून तुम्ही घरात पाऊल ठेवता, तर पोरं टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली असतात. पडद्यावर एक निळं, गोलमटोल, बिनकानाचं मांजर पोटाच्या पिशवीतून कसलंसं यंत्र काढून नोबिताच्या हाती देत असतं. तुम्ही म्हणता, "बंद करा रे ते!" आणि टॉवेलला हात पुसता पुसता स्वतःच दोन मिनिटं बघत उभे राहता. खरं की नाही?

डोरेमॉन हिंदी बोलतो म्हणून तो काही दिल्लीचा नव्हे. तो जपानचा. १९६९ च्या डिसेंबरात तो तिथल्या मुलांच्या मासिकांत पहिल्यांदा छापून आला आणि २००५ साली आपल्याकडच्या टीव्हीवर पोचला. तुमच्यापैकी जे आज चाळिशीच्या आसपास आहेत त्यांना मात्र त्याच्याही आधीचा पाहुणा आठवेल. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. गाणं गुलजारांचं, जंगल आपल्या मध्य प्रदेशातलं, मूळ पुस्तक मुंबईत जन्मलेल्या किपलिंग साहेबाचं. पण चित्रं काढली होती जपानी कलावंतांनी, १९८९ साली. आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

आज विचारू या. ही चित्रं जपानात कशी जन्मली, जगभर कशी पसरली, आणि ती काढणाऱ्या हातांना काय मिळतं?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. चित्र हलत नसतं, आपला डोळा फसतो. सिनेमाच्या फितीवर एका सेकंदाला चोवीस चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी नवं चित्र काढायचं म्हटलं, तर एका मिनिटाला १,४४० चित्रं लागतात. पंचवीस मिनिटांच्या गोष्टीला ३६ हजार. म्हणजे हा धंदा मुळातच मनुष्यबळ खाणारा. अमेरिकेत डिस्नेच्या कंपनीकडे पैसा होता, माणसं होती. जपानकडे दोन्हींची टंचाई. पुढची सगळी कहाणी या टंचाईतून निघाली आहे.

१९१७ साली शिमोकावा, कोउची आणि कितायामा या तिघांनी जपानातली पहिली हलती चित्रं काढून पडद्यावर आणली. कोउचीच्या गोष्टीत एक बावळट सामुराई बोथट तलवार विकत घेतो, तिची धार आजमावायला वाटसरूंवर जातो आणि स्वतःच मार खाऊन येतो. चार मिनिटांचा खेळ. त्याची फीत कित्येक वर्षं हरवलेली होती, ती अलीकडे ओसाकाच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडली. त्या काळच्या पुष्कळ फिती १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात जळून गेल्या. चित्रं काढायला पारदर्शक सेल्युलॉइडचे कागद हवेत, ते महाग. मग लोकांनी साध्या कागदाच्या आकृत्या कातरून, त्यांचे हातपाय थोडे थोडे सरकवून काम भागवलं. नोबुरो ओफुजी नावाच्या कलावंतानं तर छापील नक्षीचे रंगीत कागद कातरून सिनेमे केले.

गल्लीतल्या पोरांना सिनेमाचं तिकीट परवडत नसे. त्यांच्यासाठी १९३० नंतर सायकलवरून एक माणूस येऊ लागला. सायकलीच्या मागं लाकडी चौकट, तिच्यात चित्रांचे पुठ्ठे. लाकडाच्या दोन पट्ट्या आपटल्या की पोरं गोळा. आधी त्याच्याकडची गोळी-मिठाई घ्यायची, मग तो एकेक पुठ्ठा सरकवत गोष्ट सांगणार. पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. पुढं टीव्ही आला तेव्हा जपानी लोकांनी त्याला या खेळाचंच नाव दिलं: विजेवर चालणारा पुठ्ठ्यांचा खेळ. थोडी चित्रं आणि भरपूर गोष्ट ही सवय तिथल्या पोरांना टीव्हीच्या आधीच लागली होती.

मग महायुद्ध आलं. आरमाराच्या पैशातून १९४५ साली जपानचा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट निघाला. पीच फळातून जन्मलेला लोककथेतला मोमोतारो त्यात सेनापती झाला होता आणि अस्वलं, माकडं, ससे त्याचे खलाशी. उघड उघड युद्धाचा प्रचार. पण एप्रिलमध्ये तो लागला तेव्हा शहरं बॉम्बनं भाजून निघालेली, मुलं खेड्यांत पाठवलेली. चित्रपटगृहं ओस. ओसाकातल्या एका थिएटरात सोळा वर्षांचा एक पोरगा मात्र बसला होता. त्याला त्यातली लढाई भावली नाही. भावले ते मधले हळवे, शांत प्रसंग. तो रडला आणि त्यानं ठरवलं की आयुष्यात एकदा तरी असं चित्र आपण काढायचं. त्या पोराचं नाव ओसामु तेझुका.

तेझुका शिकला डॉक्टरकी, पण झाला चित्रकथाकार. १९५२ पासून त्यानं 'आतोम' या यंत्रबालकाची कथा काढली. एका शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. बाप दुःखानं वेडापिसा होऊन तसाच यंत्राचा मुलगा घडवतो. पण हा पोरगा वाढत नाही म्हणून बाप चिडतो आणि त्याला सर्कशीला विकून टाकतो. पोरांच्या गोष्टीत इतकं दुःख कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण त्या देशातली पोरं नुकतीच युद्धातून बाहेर आली होती.

१ जानेवारी १९६३ ला आतोम टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्धा तास. लोक म्हणाले, हे अशक्य आहे. तेझुकानं ते शक्य कसं केलं, ते शेतकऱ्याच्या घरात चटकन कळेल, कारण जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी बाई हेच करते. एक चित्र तीन तीन चौकटींना वापरायचं. माणूस बोलतो तेव्हा सगळा चेहरा पुन्हा काढायचा नाही, फक्त ओठ हलवायचे. धावताना माणूस तिथंच, मागचा देखावा तेवढा सरकवायचा. रागाच्या क्षणी चित्र गच्च थांबवायचं आणि आवाजानं काम करायचं. आणि एकदा काढलेली उडणाऱ्या आतोमची चित्रं फेकायची नाहीत. कपाटात लावून ठेवायची आणि पुढच्या गोष्टीत आभाळ बदलून पुन्हा वापरायची. अशा युक्त्यांनी हजारो चित्रांचं काम दोन हजारांच्या आतबाहेर आलं. चाल थोडी ताठर दिसे. पोरांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांना पुढं काय होतं ते हवं होतं.

इथवर सगळं कौतुकाचं. पण तेझुकानं आणखी एक गोष्ट केली. आपला माल त्यानं खर्चाच्याही खाली विकला. टीव्हीवाले तयार व्हावेत आणि इतक्या कमी दरात दुसरा कुणी या धंद्यात उतरू नये, असा त्याचा हिशोब होता. तूट तो भरून काढणार होता आतोमची चित्रं छापलेल्या चॉकलेटांतून, खेळण्यांतून आणि परदेशी विक्रीतून. ही आवक झालीही. अमेरिकेच्या एनबीसीनं त्याच वर्षी आतोमचे ५२ भाग घेतले.

पण दुसरे उतरायचे थांबले नाहीत. वर्ष सरायच्या आत आणखी काही मालिका आल्या. आणि बाजारात एकदा एकानं पडत्या दरात माल दिला की व्यापारी तोच दर सगळ्यांच्या तोंडावर मारतो, हे तुम्हाला मी काय सांगावं? तेझुकाची स्वतःची कंपनी १९७३ साली दिवाळ्यात निघाली. १९८९ साली तो वारला, तेव्हा हायाओ मियाझाकी या मोठ्या दिग्दर्शकानं त्या पडत्या दराबद्दल त्याला जाहीर दोष दिला. आपल्याकडे माणूस गेल्यावर असं बोलत नाहीत, पण मियाझाकीचं दुखणं खरं होतं. मला विचाराल तर सगळा दोष एकट्या तेझुकाचा नव्हे. त्यानं वाट पाडली. पुढं दर वाढवून द्यायचं कुणाच्या हिताचं नव्हतं, म्हणून तो वाढला नाही.

पडत्या दराचा दुसरा परिणाम म्हणजे हा माल जगभर गेला. सत्तरीच्या दशकात युरोपात टीव्हीचे तास आणि वाहिन्या वाढत होत्या, तिथल्या कार्यक्रमवाल्यांना स्वस्तात पुष्कळ माल हवा होता. तो जपानकडे तयार पडला होता. १९७४ साली इसाओ ताकाहातानं 'हायडी' ही मालिका केली. डोंगरावर आजोबांजवळ राहणारी, शेळ्यांमागं हिंडणारी पोर. त्यासाठी ताकाहाता, मियाझाकी आणि सोबती आदल्या वर्षी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, घरं, गवत बघून आले होते. ही मालिका स्पेन, जर्मनी, इटलीत इतकी रुजली की कित्येक मुलांना ती परक्या देशातून आली आहे हे मोठेपणी कळलं. अगदी आपल्या मोगलीसारखं!

फ्रान्समध्ये १९७८ च्या उन्हाळ्यात एक प्रचंड यंत्रमानव टीव्हीवर आला आणि पोरं वेडी झाली. आईबाप आणि मास्तर ओरडू लागले की याने मुलं बिघडतील. १९८९ साली सेगोलेन रोयाल या खासदार बाईंनी मुलांच्या टीव्हीवर एक पुस्तक लिहून जपानी कार्टूनांना झोडपलं. तरी पोरं बघत राहिली. फुटबॉल खेळणाऱ्या त्सुबासा नावाच्या मुलाची मालिका बघून आपण खेळू लागलो, असं स्पेनचा नामवंत खेळाडू फर्नांदो टोरेस सांगतो.

आपला आणि या चित्रांचा सर्वात जवळचा संबंध रामायणाचा. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ १९८३ साली प्रयागजवळच्या उत्खननावर माहितीपट करायला आले. तिथं त्यांना रामकथा भेटली आणि तिनं त्यांना सोडलं नाही. परदेशी माणूस रामाचं कार्टून करणार म्हणून इथं विरोधही झाला. शेवटी चित्र जपानात निघालं, पण मुंबईचे ज्येष्ठ कलावंत राम मोहन त्यात सहदिग्दर्शक होते. धोतराच्या निऱ्या कशा पडतात, नमस्कार कसा करतात, हे जपानी चित्रकारांना भारतीय कलावंतांनी दाखवलं. १९९३ च्या जानेवारीत ते दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवलं गेलं. चित्रपटगृहांत त्याला थारा मिळाला नाही, ते घराघरांत पोचलं टीव्हीवरून. २०२५ च्या जानेवारीत मात्र ते देशभर थाटात लागलं. साको २०१२ साली गेले, राम मोहन २०१९ साली. दोघांनाही ते बघायला मिळालं नाही.

आता पैशाचं. जपानी अ‍ॅनिमेशन संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२३ साली या धंद्याची उलाढाल सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येन झाली. त्यातले १ लाख ७२ हजार कोटी परदेशातून, म्हणजे घरच्यापेक्षा बाहेरची कमाई जास्त. मियाझाकीच्या चित्रपटांना दोनदा ऑस्कर मिळालं, २००३ आणि २०२४ साली.

आणि चित्रं काढणारे? मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणारा नवखा कलावंत बहुधा नगावर काम करतो. एका चित्राचे सुमारे दोनशे येन. कलावंतांच्याच संघटनेनं २०१५ साली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा अशा नवख्याची सरासरी वर्षाची कमाई निघाली ११ लाख येन. त्या सुमाराला जपानातल्या नोकरदाराची सरासरी होती ४१ लाख. कारण असं की पैसे घालणाऱ्या कंपन्या मिळून मंडळ करतात, मालकी हक्क त्यांचे, आणि चित्रं काढणाऱ्या संस्थेला ठरलेली रक्कम. उभं पीक उक्तं विकलं, मग मळणीला कितीही उतारा पडो, आपला त्यात वाटा नाही. तसंच हे.

वेगळी वाट धरणारेही आहेत. योको हात्ता या बाई तेझुकाच्या कंपनीत चित्रं रंगवायच्या. लग्नानंतर त्या क्योटोजवळ राहायला गेल्या आणि शेजारच्या गृहिणींना रंगकाम शिकवून घरबसल्या काम घेऊ लागल्या. त्यातून १९८१ साली क्योटो अ‍ॅनिमेशन ही संस्था उभी राहिली. तिनं नगाऐवजी महिन्याचा पगार दिला, माणसं घरातच शिकवून तयार केली. तिचं काम बारीक म्हणून जगात नावाजलं. १८ जुलै २०१९ ला एका माथेफिरूनं तिथं आग लावली आणि ३६ कलावंत गेले. वाचलेल्यांनी पुन्हा पेन्सिली हाती घेतल्या.

तुमच्या रानात करडई असेल तर एक चित्रपट मुद्दाम सांगून ठेवतो. ताकाहातानं तो १९९१ साली केला. टोकियोच्या कचेरीतली सत्तावीस वर्षांची ताएको सुट्टी काढून यामागाता भागातल्या नात्यातल्या शेतकऱ्याकडे करडईच्या हंगामाला जाते. आपण करडई तेलासाठी करतो, ते पाकळ्यांच्या रंगासाठी करायचे. पहाटे दव असतं तोवर काटे मऊ, म्हणून उजाडायच्या आत वेचणी. आपण करडईच्या काढणीला भल्या पहाटे निघतो ते याच कारणासाठी. मग पाकळ्या धुवायच्या, तुडवायच्या, आंबवायच्या, कुटून त्यांच्या वड्या थापायच्या. त्या वड्यांतून निघे शहरातल्या श्रीमंत बायकांच्या ओठांची लाली. ताएको वेचता वेचता सांगते की पूर्वी हातमोजे नव्हते, पोरींची बोटं काट्यांनी रक्ताळून जायची, आणि ती लाली त्यांच्या स्वतःच्या ओठांना जन्मात कधी लागली नाही.